बिनआवाजाची घडी

६ जानेवारी

ससोबा,

साठी जवळ आली तरी मी तुला ससोबाच म्हणणार. तुझे कान काही लहान झालेले नाहीत. फोन करत नाही, कारण तुझे दाजी फोन मोठ्या आवाजावर टाकतात आणि मग आपलं बोलणं अख्ख्या गल्लीचं होतं. पत्र मला एकटीला वाचता येतं.

माझ्या मधल्या पोरानं तिसरी मुलगी नाकारली. कारण विचारलं तर म्हणतो, आत्ता नको. गेली चार वर्षं त्याचं आत्ताच चाललंय. तिसरीचा तर फोटोसुद्धा त्यानं उघडून पाहिला नाही. मी विचारलं, साडीचा रंग कोणता होता सांग. तर विषयच बदलला.

तू त्याला तिकडे नेलंस, कामाला लावलंस, तुझ्याच छपराखाली तो राहतो. तिकडे कोणी असेल तर मला सांग. आपल्यातली नसली तरी चालेल, तुझ्या दाजींना मी गुंडाळीन. पण आहे तर आहे म्हण. पोर एकतीस वर्षांचं झालं आणि मी इथे शाळेच्या गणवेशांना काजं करत लोकांच्या पोरांची मापं मोजते आहे.

तुझी
अक्का


२१ जानेवारी

अक्का,

नमस्कार लांबूनच घे. माझ्या हातांचा धुण्याच्या औषधाचा वास आता मेल्यावरच जाईल.

मुलगी नाही. छातीठोक सांगतो. माझ्याकडे बेचाळीस माणसं आहेत, नऊ मुलखांतली, आणि मी काचेच्या खोलीत बसून त्यांना बघत नाही, ऐकतो. कुठलं मशीन आठवडाभरात बंद पडणार ते मला आवाजावरून कळतं, तर तुझ्या पोराचं प्रेम कळणार नाही होय? तो कामावर असतो, नाहीतर वरच्या खोलीत असतो. खोलीत त्याच्याबरोबर लांब्या म्हणून एक आहे, दुसऱ्याच मुलखातला. दाराची चौकट नेहमी त्याच्या कपाळावर असते, म्हणून हे नाव. मोडकीतोडकी आपली भाषा शिकलाय. शिव्या आधी शिकला, बाकी नंतर.

ही दोघं माझी घडीवरची सर्वांत चांगली जोडी. तुला आमचं काम ठाऊक नाही म्हणून सांगतो. हॉटेलांच्या आणि इस्पितळाच्या चादरी इथे येतात. आधी मळखोलीत निवडतात, मग धुतात, मग गरम रुळातून इस्त्री होऊन बाहेर पडतात. तिथे दोन माणसं समोरासमोर उभी असतात. दोन टोकं याच्या हातात, दोन त्याच्या. जवळ यायचं, टोकं द्यायची, मागे जायचं. देणारा 'घे' म्हणतो, घेणारा 'हो' म्हणतो. नाही म्हटलं तर चादर जमिनीवर, आणि जमिनीवर पडली की पुन्हा मळखोलीत. दिवसभर नुसतं घे-हो, घे-हो चालतं. ही दोघं मात्र तोंडातून अवाक्षर काढत नाहीत आणि तीन वर्षांत एक चादर पडलेली नाही. नवीन माणूस आला की मी त्याला यांच्यासमोर उभा करतो आणि सांगतो, बघ, याला म्हणतात काम.

एक गंमत. आमच्याकडे सिनेमावाले येणार आहेत. त्यांची गोष्ट अशी: दोन कामगार, परका देश, एकच लॉन्ड्री, आणि दोघांचा एकमेकांवर जीव. सिनेमा काढणाऱ्या बाईंना मी विचारलं, त्यातली बाई कुठली? त्या म्हणाल्या, दोघेही पुरुष आहेत. मला वाटलं मला ऐकू कमी यायला लागलं, म्हणून पुन्हा विचारलं. तेच उत्तर. मी नाक मुरडलं. पण सिनेमात आमच्या दारावरची पाटी दिसेल म्हणाल्या, म्हणून हो म्हणालो. माणूस पाटीसाठी काय काय करतो.

ससोबा


८ फेब्रुवारी

ससोबा,

शी. तुझं पत्र वाचून मी हात धुतले आणि मग स्वयंपाकाला लागले. असल्या गोष्टींचे सिनेमे काढतात आणि तुझ्यासारखे शहाणे त्यांना जागा देतात. बघायला कोण जातं? आणि जाऊन घरी काय सांगतात, कुठे गेलो होतो म्हणून?

मधल्याला त्यापासून लांब ठेव. चुकून कुठे मागे उभा दिसला तर इथे तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

चौथी मुलगी मी स्वतः जाऊन पाहिली. शाळेत शिकवते. मधल्याचा फोटो बघून हसली नाही, लाजली नाही. म्हणाली, यांना झोप कमी मिळते का? मला आवडली. लग्न जूनमध्ये धरते. तू त्याला मे महिन्यात पाठव. नाही म्हणाला तर मामा म्हणून कान धर, मालक म्हणून रजेवर काढ, पण पाठव.

अक्का


२६ फेब्रुवारी

अक्का,

हे पत्र मी टाकणार नाही. म्हणून खरं लिहितो.

सिनेमावाले नऊ दिवस होते. आमच्या घाण चादरी त्यांना घाण वाटल्या, म्हणून त्यांनी कोऱ्या चादरी आणल्या आणि त्यांच्यावर चहा ओतून डाग पाडले. हिरो मळखोलीच्या दारापर्यंत आला आणि तिथेच ओकला. ते साफ कोणी केलं? आम्हीच. मग बाईंनी हवेत अत्तर मारलं. मळाच्या वासात अत्तर मिसळलं की काय होतं ते तुला सांगत नाही, तू जेवायला बसायची असशील.

त्यांच्या सिनेमात मालक त्या दोघांतल्या एकाला कामावरून काढतो. मालकाचं काम करणारा नट इतका ओरडला की आमची बायकामंडळी हसायला लागली. मला राहवलं नाही. मी म्हणालो, अहो, खरा मालक ओरडत नाही. ओरडलं की भांडण होतं, भांडण झालं की चार लोक त्याच्या बाजूनं उभे राहतात. तो खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, 'मी खूप प्रयत्न केला रे, पण वरून नकार आला.' बाईंनी तसंच घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान डोलावली.

हिरोंना घडी जमेना. हात मऊ, लक्ष कॅमेऱ्याकडे. शेवटी नुसते हातच दिसणार म्हणून मी मधल्याला आणि लांब्याला पुढे केलं. हो, तू नको म्हणालीस ते कळलं होतं. बाईंनी त्यांना दहा-बारा चादरींच्या घड्या घालायला लावल्या. मग लांब्याला विचारलं, तुम्ही घे-हो का म्हणत नाही? तो मधल्याकडे न बघताच म्हणाला,

"कळतं."

बाईंनी आधी याच्याकडे, मग त्याच्याकडे बघितलं आणि हसल्या. अक्का, ज्याला मी तीन वर्षं कसब म्हणत होतो, लोकांना दाखवत होतो, ते काय आहे हे त्या परक्या बाईला एका शब्दात कळलं. आणि मी कानवाला.

दुपारी दोघं कामावर असताना वर गेलो. छप्पर माझं, किल्ली माझी. दोन खाटा. एका खाटेवर बॅगा, कांद्यांची पिशवी, हिवाळ्याच्या रजया, हे सगळं छताला लागेल इतकं. त्या बॅगांवर धूळ बोटभर. दुसऱ्या खाटेवर दोन उशा, खोळी धुतलेल्या, कडा जुळवून ठेवलेल्या.

मी या हातांनी काय काय उचललंय ते तुला माहीत नाही. रक्त, ओकारी, आजाऱ्यांचं अंथरूण, मेलेल्या माणसाखालची चादर. पहिली दोन वर्षं हातमोजेसुद्धा नव्हते. मला कशाची म्हणून किळस येत नाही हे मी लोकांना अभिमानानं सांगतो. त्या दोन उशांची मला किळस आली. खाली येऊन तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. संध्याकाळी मधल्यानं चहा आणून दिला, तो मी झाडाच्या कुंडीत ओतला. माझ्या बहिणीच्या पोरानं केलेला चहा.

ससोबा


१ मार्च

अक्का,

सिनेमावाले गेले, बरं झालं.

तुझा मधला हट्ट का करतो ते शोधून काढलं. मुलगी नाहीच. संगत वाईट आहे. तो लांब्या त्याच्या डोक्यात इथेच राहायचं भरवतो. नशापाणी नाही, पण वाईटच. कशी ते पत्रात लिहिण्यासारखं नाही आणि तू विचारूही नकोस.

इथे परक्या माणसाचा राहण्याचा कागद दर वर्षी मालकाच्या सहीवर वाढतो. लांब्याचा ३१ मार्चला संपतो. मी सही नाही केली तर तो गेला आणि तुझा मुलगा मोकळा. तुझी हरकत नाही ना? म्हणजे उद्या कोणी मला बोल लावायला नको.

ससोबा


१६ मार्च

ससोबा,

त्यात मला काय विचारतोस? काढून टाक. लोकांची पोरं नादी लावणारा माणूस आपल्या छपराखाली ठेवायचाच कशाला? मी आई म्हणून सांगते, काढ त्याला.

जूनची दहा तारीख धरली आहे. शिक्षिकाबाईंनी शाळेत रजेचा अर्ज दिलासुद्धा. माझ्या काजांच्या सुईत आज पहिल्या झटक्यात दोरा गेला, यावरून समज मी किती खूश आहे.

अक्का


९ एप्रिल

अक्का,

काम झालं. आरडाओरड नाही, तमाशा नाही. लांब्याला बोलावलं, खांद्यावर हात ठेवला, म्हटलं, मी खूप प्रयत्न केला, पण वरून नकार आला. मधला दारातच उभा होता. लांब्यानं मान हलवली, हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि गेला. आता साठ दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत, दुसरा मालक मिळाला नाही आणि माझी सहीही झाली नाही तर देश सोडायचा. सध्या कुठल्याशा गोदामात कोणाच्या तरी मेहेरबानीनं झोपतो असं ऐकतो. मधला संध्याकाळी डबा घेऊन तिकडे जातो. जाऊ दे, थोडे दिवस आहेत.

आता घडीवर मधल्याला जोडीदार नाही. तिघं देऊन पाहिले, चादरी पडायला लागल्या. शेवटी मीच उभा राहतो. सतरा वर्षांनी. पहिले दोन दिवस बरं वाटलं, जुने दिवस आठवले. पण हा एक नवीनच प्रकार. कधी तोंड न उघडणारं पोर आता दर घडीला बोलतं. 'घ्या' म्हणतं. माझ्या कडेवर चढून माझे कान ओढणारा, आजवर मला 'ए मामा' म्हणणारा, तो म्हणतो, घ्या. तासाला दीडशे वेळा. बायका कामं थांबवून ऐकतात. मी सांगितलं, अरे, घे म्हण. तर म्हणाला, 'हो, मालक.'

नकार माझाच होता हे त्याला कुठून कळलं? मी कोणाला काही बोललो नाही. तू त्याला काही लिहिलंस का?

जेवण जात नाही. वरण तोंडात घेतलं की मळखोलीतला वास येतो. डॉक्टर म्हणतो, नाक ठीक आहे.

ससोबा


२८ एप्रिल

ससोबा,

मी त्याला काहीच लिहिलं नाही. त्यानं मला लिहिलं. चार पानं. लहानपणी शाळेतून आल्यावर सगळं एका दमात सांगायचा, तसं.

तुला कुठून कळलं म्हणून विचारतोस? तुझ्याच तोंडून. सिनेमावाल्यांच्या नटाला खरा मालक कसा बोलतो ते तू शिकवत होतास, तेव्हा तो चादर घेऊन तीन पावलांवर उभा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यानंही वाजवल्या, माझा मामा किती हुशार म्हणून. आणि महिन्याभरानं तू तेच वाक्य, तोच हात, तोच खांदा. तो लिहितो, मामानं शब्दसुद्धा बदलला नाही. मग तो आणि लांब्या राहण्याच्या कागदांच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसानं फाईल उघडून दाखवली. वरून कसला नकार, तुझा कागदच गेलेला नव्हता. एवढा शहाणा तू, पण आपली लबाडी आपणच गिरवून घेतलीस.

बाकीचंही त्यानं लिहिलंय. लांब्या त्याचा कोण ते. स्पष्ट. मी पत्र शिलाई मशीनच्या खणात टाकलं आणि दोन दिवस मशीनला हात लावला नाही. ओकारी झाली मला, खोटं कशाला बोलू. तुझे दाजी म्हणाले पित्त असेल. मी म्हटलं, असेल. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोराची किळस येते म्हणजे काय होतं, ते तुला नाही कळणार आणि कोणाला सांगताही येत नाही.

पण तुझी जास्त आली. तुला सगळं माहीत होतं आणि तू मला विचारलंस, तुझी हरकत नाही ना. तो मधल्याचा कोण ते न सांगता माझ्या तोंडून 'काढ त्याला' वदवून घेतलंस. म्हणजे पाप करायचं तुझ्या हातानं आणि बोट माझं. त्यानं पत्रात विचारलंय, आई, तुला माहीत होतं का? मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. काय लिहू?

शिक्षिकाबाईंकडे मी काल गेले. लग्न होणार नाही एवढंच सांगितलं. तिनं कारण विचारलं नाही, पाणी दिलं. दारापर्यंत आली आणि म्हणाली, आधी कळवलंत, बरं केलं. ससोबा, जूननंतर कळलं असतं तर त्या पोरीचं काय झालं असतं? तू याचा विचार केला होतास? मीही केला नव्हता.

आता ऐक. सही कर, असं मी म्हणणार नाही. माझ्या तोंडातून ते निघत नाही, अजून तरी नाही. करू नको, असंही म्हणत नाही. तुझं तू ठरव. आणि जे करशील त्यावर या खेपेला माझं नाव घालू नकोस.

अक्का


३० मे

अक्का,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून खिशात आहे. घड्या पडून पडून मधलं पान फाटलं.

आधी वाटलं, चढ्या आवाजात उत्तर द्यावं. लिहायला बसलो. जे वाक्य लिहावं ते आधी कुठेतरी बोललेलं वाटायचं. मी आयुष्यभर लोकांना गोड बोलून पुढे आलो आणि लोक म्हणतात, माणूस मोठा दिलदार. माझ्या त्या गोडपणाचा मला असा वास आला की पाच-सहा कागद टराटरा फाडले.

मग मळखोलीत गेलो. तिथलं माणूस आजारी होतं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. पंधरा दिवस तिथेच काम करतोय. इस्पितळाच्या गाठोड्यांत काय निघतं ते निघतं, हात चालवायचे. तिथे बरं वाटतं. तिथल्या घाणीला निदान ती घाण आहे हे लपवायचं नसतं.

सही केली. २० तारखेला कचेरीत जाऊन, रांगेत उभा राहून. खिडकीतला माणूस म्हणाला, आधी का नाही आणलंत? माझ्याकडे नेहमीप्रमाणे तयार उत्तर होतं. दिलं नाही. म्हटलं, मुद्दाम आणलं नव्हतं. त्यानं चष्म्यावरून बघितलं आणि शिक्का मारला. यात तुझं नाव कुठेच नाही, निश्चिंत राहा.

कागद मधल्याच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही बाजूंनी वाचला. मला वाटलं आता मामा म्हणेल. तो म्हणाला, आम्हा दोघांना इथल्या कामावरून सोडल्याची पत्रंही द्या, दुसऱ्या शहरात बेकरीत काम मिळतंय. मी तीही दिली. लिहिताना त्याच्या नावापुढे 'काम उत्तम' असं घातलं. त्यानं तेही वाचलं आणि पत्रं खिशात घातली. त्याला सांगितलं, तुझ्या आईला काही माहीत नव्हतं, मी फसवून लिहून घेतलं. हे एक त्यानं पुन्हा सांगायला लावलं. मग खाली बसला, जरा वेळ. तू आता त्याला उत्तर लिही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही, माझं सांगणं पुरे झालं.

तू विचारशील, तुझी किळस गेली का? नाही गेली. ती खोली आठवली की पोटात थोडं हलतंच. पण ती माझ्या पोटातली गोष्ट आहे, तिच्यासाठी दुसऱ्याला देशोधडीला लावायचं कारण नाही, एवढं कळायला मला साठ वर्षं लागली. तुझी जाईल की नाही मला ठाऊक नाही. घाई करू नकोस.

आज दुपारी ते गेले. मी मळखोलीत होतो. दोघं बॅगा घेऊन दारात आले. मधला बाहेरच थांबला. लांब्या वाकून आत आला, त्या वासात, नाकाला हात न लावता, आणि त्यानं माझ्यापुढे हात केला. ज्या माणसाला मी असा झुलवला, त्यानं. अक्का, माझ्या हातात मोजे होते, आणि त्यांना नुकतंच जे लागलं होतं ते मी तुला लिहीत नाही. त्या स्वच्छ हाताला ते लागू नये म्हणून मी हात झटकन मागे घेतला.

मधल्यानं दारातून ते बघितलं. नुसतं तेवढंच. त्यानं लांब्याला बाहीला धरून बाहेर नेलं.

मोजे घट्ट असतात, ओले झाले की निघत नाहीत. मी दातांनी ओढून काढले. रस्त्यावर आलो तेव्हा बस वळणावर होती. मी हात वर केला, दोन्ही केले. मागच्या काचेत कोणी वळून पाहिलं की नाही, ते काही दिसलं नाही.

ससोबा